भाड्याने दिलेली जाळी

फेब्रुवारी निम्मा सरला की सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गॅलरीत दुपारचं ऊन थेट माझ्या खुर्चीत येऊन बसतं आणि मला उठावं लागतं. आठवडाभर मी त्याच्याशी भांडते, खुर्ची इकडे सरकवते, तिकडे सरकवते, आणि मग हार मानून आतल्या खोलीत येते. त्याच आठवड्यात कधीतरी खालच्या रस्त्यावरून तासगावकडचा एखादा टेंपो जातो. वर ताडपत्री घट्ट आवळलेली असते, पण वासाला कुठली ताडपत्री अडवते! आंबूस, गोड, आणि त्या गोडाच्या मागे, द्राक्षं वाळवायच्या आधी ज्या तेलपाण्यात बुडवतात त्याची किंचित तिखट झाक. बेदाण्याचा हंगाम सुरू झाला. पूर्वी हा वास आला की मी पिशवी भरायला लागायचे. गेली दोन वर्षं मी खिडकी लावून घेते.

यंदा वासाच्या पाठोपाठ एक मेल आली. ‘तुमच्या ब्लॉगवरच्या जाहिराती सध्या बंद आहेत. या दिवसांत तुमचे वाचक वाढतात, असं आमच्या लक्षात आलं आहे. जाहिराती पुन्हा सुरू करायच्या का?’ खाली एक निळं बटण. मेल पाठवणारं यंत्रच असणार, पण किती अदबीनं विचारत होतं! घरातलं कुणी मला इतक्या अदबीनं काही विचारल्याचं आठवत नाही. मी ती मेल चार वेळा वाचली. लॅपटॉप मिटला. पोळ्या करायला घेतल्या आणि तिसरी पोळी तव्यावर करपून काळी झाली तरी माझं लक्ष नव्हतं.

‘ब्लॉग’ हा शब्द आमच्या घरात अजून नीट रुळलेला नाही. माझे यजमान खटाव तालुक्यातले, जन्म फौजेत काढून सुभेदार म्हणून परत आलेले. ते त्याला ‘मॅडमची ड्यूटी’ म्हणतात. मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर शिक्के मारले, त्यांना नंबर दिले, पाठीवरून हात फिरवून कपाटात लावली. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता आपलं काही लिहावं. पण लिहायचं काय? माझ्या आयुष्यात मला खात्रीनं माहीत असलेली एकच जागा होती, माझ्या आत्तीची बेदाण्याची शेड. आत्ती म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तासगावच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की तिची शेड. नवरा गेल्यावरही तिनं ती एकटीनं चालवली. हंगामातला एकही रविवार मी तिथं गेल्याशिवाय राहत नसे. तेच लिहायला लागले. पुण्यातली, आखातातली, अमेरिकेतली आमच्या बाजूची माणसं वाचायला लागली. ‘ताई, वास आला,’ असं कुणीतरी एकदा खाली लिहिलं, तर मी दोन दिवस तरंगत होते.

शेड म्हणजे बिनभिंतीचं लांबलचक छप्पर, एका टोकाला नावापुरतं दार. आत एकावर एक जाळ्या बांधलेल्या, माणसाच्या डोक्याच्याही वर जाणाऱ्या. त्यांवर द्राक्षं पसरायची आणि वाऱ्याला काम करू द्यायचं. पहिल्या दिवशी हिरवीगार, टचटचीत. आठवड्यानं मलूल. पंधरवड्यात सुरकुतलेली, हाताला चिकट, सोनेरी. मधमाश्यांचा दिवसभर एकच सूर. आणि पायाखाली गार, झाडून लख्ख केलेली जमीन. ती जमीन माझ्या तळव्यांना अजून आठवते, कारण आत्तीचा पहिला नियम होता की चपला बाहेर. “खायचा जिन्नस हाय,” एवढंच ती म्हणायची. एकदा एक मोठा व्यापारी चकाकते बूट घालून आला. आत्तीनं त्याला दारातच हटकलं. बिचारा मोज्यांवर हिंडला आणि जाताना त्या मोज्यांना चिकटलेल्या काड्या सोडवत बसला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

दुसरा नियम भाड्याच्या जाळ्यांचा. ज्यांची स्वतःची शेड नाही ते द्राक्षं घेऊन येतात, जाळी भाड्यानं घेतात. माल त्यांचा, जागा आपली. आता यात शेडवाल्याला तसं पाहिलं तर काय देणंघेणं? पण आत्ती ट्रॅक्टरजवळ जायची. वरचे घड बाजूला सारून क्रेटच्या तळातला घड काढायची, उलटापालटा करायची, एक मणी फोडायची आणि नाकाशी धरायची. मग मान हलवायची, एक तर उभी, नाही तर आडवी.

तिच्या सख्ख्या दिराचा मुलगा एकदा ट्रॅक्टर घेऊन आला होता. आभाळ भरून आलेलं, त्याला घाई. आत्तीनं तळातला घड हुंगला आणि म्हणाली, “न्हाई घेत. हिला वास हाय. आत पिचलीयात.”

“काकी, निम्म्या जाळ्या मोकळ्या हायत की तुमच्या.”

“मोकळ्या हायत म्हणून काय बी घालू व्हय रं?”

“आवं, फुकट न्हाई मागत. भाडं देतोय.”

“भाडं जागंचं देतोस. नावाचं न्हाई. पेटीवर नाव माझ्या शेडचं जातंय. माझ्या जाळीवर पडलं म्हंजे ते माझं.”

ट्रॅक्टर परत गेला. पुढं वर्षभर तो मुलगा तिच्या दारात आला नाही आणि दिवाळीचा फराळही त्यांच्याकडून आला नाही. मी त्या वेळी चहाचा कप हातात घेऊन तिथंच उभी होते. घरी आले आणि एका बैठकीत सगळं लिहून काढलं. ‘माझ्या जाळीवर पडलं म्हंजे ते माझं’ हे वाक्य तिच्याच शब्दांत, मधोमध, एकटं ठेवलं. माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लिखाण ते. लोकांनी आत्तीला नमस्कार कळवले. मीही तिच्या वतीनं ते स्वीकारले, थोडे स्वतःसाठी ठेवून.

माझं लिखाण आत्ती कशी वाचायची? वाचायची नाही, ऐकायची. दुपारचा चहा झाला की निवडायचं काम सुरू व्हायचं. बेदाण्याचा ढीग मधे, भोवती बायका, बोटं चाललेली. काळा मणी इकडे, काडी तिकडे. आत्तीला त्या सगळ्या ‘अक्का’ म्हणायच्या. त्यांच्यात रुक्साना. बारावी शिकलेली, दोन लेकरांची आई, मोत्यासारखं स्वच्छ वाचणारी. आत्ती तिला कामातून उठवायची आणि तिच्या फोनवर माझं पान उघडायला लावायची. मी एक-दोनदा तिथं असताना हे झालं. माझंच लिहिलेलं रुक्सानाच्या आवाजात ऐकताना मला कानकोंडं व्हायचं आणि तिथून हलवायचंही नाही. मधेच कुणीतरी दुरुस्ती करायची, “आसं न्हाई झालं. तवा पाऊस न्हवता, नुसतं आभाळ हुतं.” रुक्साना एखादी ओळ गाळून पुढं गेली की आत्तीला कसं कोण जाणे, कळायचं. “काय सोडू नगंस. वरपासनं खालपातूर वाच. कष्टानं लिवलंय तिनं.” माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या दुपारी मोजायला बसले तर त्या दोन-चारच निघतील.

मग जाहिराती आल्या. आल्या म्हणजे मी आणल्या. हे वाक्य मी मुद्दाम नीट लिहिते आहे, कारण दोन वर्षं मी मनातल्या मनात पहिलं वाक्य म्हणून थांबत होते.

सुभेदारांचा एक ठरलेला प्रश्न असे. मी लॅपटॉप उघडला की ते पेपरातून डोकं न काढता विचारत, “मॅडम, मिळतं काय ह्यातनं? का फोकटचीच ड्यूटी?” चेष्टाच ती. मीही हसायचे. पण चेष्टेला उत्तर नसलं की ती हळूहळू खुपायला लागते. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात जाहिरात कंपनीची पहिली मेल आली की तुमच्या ब्लॉगवर जाहिराती लावता येतील. मी विचार केला नाही असं नाही, चांगला आठवडाभर केला. ग्रंथालयातून आणलेल्या जुन्या कार्डांच्या पाठीवर दोन रकाने आखले. ‘लावाव्यात’ आणि ‘लावू नयेत’. लावू नयेतखाली लिहिलं, पान विद्रूप दिसेल. वाचणाऱ्याचा रसभंग होईल. लावाव्यातखाली, ब्लॉगचा वर्षाचा खर्च निघेल. हल्ली सगळेच लावतात. त्यात काय एवढं? खरं कारण मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही. मला फक्त एकदा पेपरामागच्या त्या डोक्याला सांगायचं होतं की मिळतं, मलाही मिळतं.

आज ते कार्ड पुन्हा काढून बघितलं. अक्षर किती सुबक! आणि त्या सुबक दोन्ही रकान्यांत रुक्साना नाही, निवडायला बसलेल्या बायका नाहीत, आत्ती नाही. मी ‘वाचणारा’ असं लिहिलं होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर माझ्यासारखंच कुणीतरी होतं, खुर्चीत बसलेलं, चष्मा लावलेलं, पानावर चौकट दिसली की हे वेगळं आहे हे समजणारं. माझं लिखाण जिथं सगळ्यात जिवाभावानं घेतलं जात होतं तिथं ते डोळ्यांनी घेतलं जातच नव्हतं. ते कानांनी घेतलं जात होतं. आणि कानाला चौकट दिसत नाही.

बटण दाबलं. माझ्या पानावर साड्या आल्या, एक कुकर आला. दोन दिवस मी लक्ष ठेवून होते. बरंय की, म्हटलं, सोज्वळ आहेत. प्रत्येकाच्या फोनवर वेगळी जाहिरात दिसते, ज्यानं जे शोधलं असेल त्याप्रमाणे, हे सूचनांमध्ये लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. वाचलं आणि मान डोलावून पुढं गेले.

आत्तीला मधुमेह. तिच्या साखरेच्या गोळ्या रुक्साना तासगावातून आणून द्यायची. एकदा दुकानात गोळी मिळेना, म्हणून तिनं गोळीचं नाव आपल्या फोनवर शोधलं. एवढंच झालं. त्यानंतर दुपारी बायका निवडायला बसल्या. आत्तीनं फर्माईश केली, ते ट्रॅक्टर परत लावल्याचं वाच. रुक्सानानं वाचलं. ‘माझ्या जाळीवर पडलं म्हंजे ते माझं’ इथपर्यंत आली आणि खालच्या चौकटीतलंही त्याच आवाजात, तितकंच स्वच्छ वाचून गेली. साखरेच्या गोळ्यांपासून कायमची सुटका. जडीबुटीचं चूर्ण. अपाय नाही. घरपोच मिळेल. बायकांची बोटं थांबली. एक म्हणाली, “बगा, ताईनं औषध बी सांगितलंय.” आत्ती म्हणाली, “परत वाच.”

हे सगळं मला नंतर कळलं, रुक्सानाकडून. मी तिला विचारलं होतं, अगं, तुला तरी समजलं नाही का, ती जाहिरात होती? ती म्हणाली, “ताई, तुमच्या पानावर दुसरं कोण येईल? मला वाटलं, तुमीच घातलंय अक्कांसाठी.” चौकटीच्या कोपऱ्यात ‘जाहिरात’ असा शब्द होता. मी नंतर बघितला. मुंगीएवढा होता.

मार्चच्या मध्यावर आत्तीचा फोन आला होता. ती सहसा स्वतः फोन करायची नाही. “नंदे, तू लिवल्यापासनं लय बरं वाटाय लागलंय बघ मला. आंगच हलकं झालंय.” मी फोन कानाला घट्ट धरून उभी राहिले. माझ्या लिहिण्यानं एका म्हाताऱ्या बाईचं अंग हलकं होतं! कसलं बरं वाटतंय, हे विचारायचं मला सुचलंच नाही. स्वतःची स्तुती कुणी अशी थांबवून तपासत नाही. मी बाहेर येऊन सुभेदारांना म्हणाले, “हे मिळतं मला.” त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी पेपर खाली ठेवला. आणि मी काय केलं? आत्तीचं ते वाक्य ब्लॉगच्या अगदी वर, ठळक अक्षरांत लावलं. ते वाचून त्या चूर्णावर आणखी कुणाचा विश्वास बसला असेल का, हा विचार अजूनही मला जेवताना, बोलताना, कधीही येतो आणि घास तसाच राहतो.

जाळीची एक तार तुटून खाली आली होती. ती आत्तीच्या उजव्या पायात शिरली. साखर असलेल्या माणसाला पायाचं कळत नाही. तिनं हळद दाबली आणि कामाला लागली. गुढीपाडव्याला मी गेले तर पाय सुजून काळानिळा झालेला, अंगात ताप. रुक्सानाला सोबत घेतलं, गाडी करून सांगलीला आणलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “आजी, साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना?”

आत्ती तापातसुद्धा अभिमानानं म्हणाली, “त्या कवाच सोडल्या. हिनंच सोडवल्या की.” आणि हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

मी हसले. तापात बरळते आहे असं वाटून मी डॉक्टरांकडे बघून हसले. ते हसू मला परत घेता आलं तर मी काय वाटेल ते देईन. तेवढ्यात रुक्सानानं पिशवीतून चूर्णाची बरणी काढून टेबलावर ठेवली.

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. पाय वाचला, असं सगळे म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर बसून रुक्सानाच्या फोनवर माझं पान पहिल्यांदा तिच्या डोळ्यांनी बघितलं. आत्तीच्या वाक्याखाली, बोटभर अंतरावर, एका हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र आणि ती बरणी. तिथंच बसून जाहिराती बंद केल्या. वर लावलेलं आत्तीचं वाक्य काढून टाकलं. जाहिरातींचे पैसे म्हणाल तर ठरावीक रक्कम साठल्याशिवाय ते मिळत नाहीत आणि तेवढे कधी साठलेच नाहीत. सुभेदारांच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. त्यांनीही त्या दिवसापासून तो विचारलेला नाही.

इथवरची चूक नकळत झाली, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पुढची मात्र कळून सवरून केलेली आहे. मी आत्तीला सांगितलं नाही. आधी म्हटलं, टाके सुटू देत. मग म्हटलं, साखर ताळ्यावर येऊ दे. मग पावसाळा आला, मग द्राक्षांची छाटणी आली. आणि रुक्सानाला मीच सांगून ठेवलं होतं, “तू काही बोलू नकोस, मी सांगते आत्तीला.” ती दर भेटीत डोळ्यांनी विचारायची. एकदा तोंडानं विचारलं, “सांगितलं का ताई?” मी म्हटलं, सांगते. मग तिनं विचारायचं सोडून दिलं. ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलते, चहा देते, पण वाचायला कधी फोन पुढं आणत नाही. आणायला तरी नवीन काय आहे? दोन वर्षांत मी ब्लॉगवर एक ओळ लिहिलेली नाही. जुनंच लोक वाचतात, आणि यंत्राला वाटतं माझे वाचक वाढताहेत.

गेल्या हंगामात एकदाच गेले होते, दुपारपुरती. आत्ती शेडच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली. पायात दवाखान्यानं करून दिलेले मऊ, जाड बूट. यापुढं एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बायका म्हणत होत्या, “अक्का, तुमची शेड हाय. बूट घालून या की आत, कोण इचारतंय?” ती म्हणाली, “नियम मीच घातलाय न्हवं?” आणि बसून राहिली. तिनं उभी केलेली शेड, तिच्या डोळ्यांसमोर, दहा पावलांवर, आणि ती दारात. मी तिच्याजवळ टेकले. तिनं माझ्या हातावर मूठभर बेदाणे ठेवले आणि म्हणाली, “लिवत का न्हाईस गं? माझ्यामुळं मन खट्टू करून घिऊ नगंस. तू सांगितलेलं औषध बाकीच्यांस्नी लागू पडलं आसंल. माझ्याच आंगात खोट आसंल.”

मला त्याच क्षणी बोलता आलं असतं. मी बेदाणे तोंडात टाकले, चावले आणि गिळले. चांगले झालेत, असं म्हणाले. एवढा भ्याडपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

तर यंदाची ती मेल. दोन दिवस ती तशीच उघडी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ‘नको’ म्हणून टाकलं. रकाने नाही, कार्ड नाही, एका बोटाचं काम. सुभेदार मागं उभे होते. त्यांना सगळं ठाऊक आहे. “झालं?” त्यांनी विचारलं. म्हटलं, “झालं.”

“मॅडम, बटण दाबून रिपोर्ट पुरा हुत न्हाई,” ते म्हणाले. “रिपोर्ट समोर हुबं राहून द्यायचा आसतो.”

मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. मी पिशवी घेतली आणि तासगावच्या एस.टी.त जाऊन बसले. खिडकीतून वास येत होता आणि यावेळी बंद करायला माझ्याजवळ खिडकी नव्हती, काचच निघालेली होती. रस्त्यानं घड भरलेले क्रेट घेऊन ट्रॅक्टर चाललेले. वाटेत मी वाक्यं जुळवत होते, खोडत होते. एक चांगलं वाक्य सुचलं आणि मला स्वतःची लाज वाटली. इथं चांगलं वाक्य कशाला हवं होतं?

आत्ती दारातच होती. खुर्ची तीच, बूट तेच. आत बायका निवडत होत्या. मी एक क्रेट पालथा घालून तिच्यासमोर बसले आणि पाणीसुद्धा न पिता बोलले, नाही तर पाण्याबरोबर पुन्हा सगळं आत गेलं असतं.

“आत्ती, ते औषध मी सांगितलेलं नव्हतं.”

“मंग कुणी?”

“जाहिरात होती ती. कंपनीची. मी त्यांना माझ्या पानावर जागा दिली होती.”

तिनं डोळे बारीक केले. “भाड्यानं?”

“भाड्यानं.”

आतली बोटं थांबली होती. रुक्सानानं मान खाली घातली होती. आत्तीनं शेडकडे बघितलं.

“काय आणून टाकत्यात ते बघितलं न्हाईस?”

“मला दिसत नव्हतं गं. ज्याच्या-त्याच्या फोनवर वेगळं यायचं. माझ्या फोनवर साड्या दिसायच्या.”

“दिसत न्हाई हे ठावं हुतं?”

“हो.”

“ठावं आसून दिलीस.”

मी मान हलवली. दोन वर्षं मनात जपून ठेवलेल्या सगळ्या सबबी त्या एका मान हलवण्यात संपल्या. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. आत्तीनं माझ्या पाठीवर हात फिरवला नाही. ती आपल्या उजव्या बुटाकडे बघत होती.

“दोन वरसं,” ती म्हणाली, “मी माझ्याच आंगाला शिव्या घातल्या की गं, नंदे. तुझ्या औषधाला यश दिलं न्हाई म्हणून.”



शेडच्या पलीकडच्या टोकाला ट्रॅक्टर येऊन थांबला. कुणीतरी भाड्याच्या जाळीसाठी माल आणला होता. बाहेरून वळसा घालून तिथवर चालणं आत्तीच्या पायाला झेपत नाही. आतून जायचं तर बूट. हल्ली रुक्साना जाते आणि तळातला घड आणून तिच्या हातात देते. रुक्साना उठायला लागली तशी आत्तीनं तिला हातानं बसवलं.

“तू ऱ्हा. आज ही जाईल.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “चपला काढ. वरचे घड बघू नगंस, ते समदे चांगलेच ठेवत्यात. तळातला काढ. वास घे. आन हितं येऊन मला खरं सांग.”

मी चपला काढून तिच्या खुर्चीपाशी ठेवल्या आणि आत गेले. जमीन तशीच गार होती. दोन्ही बाजूंना निम्म्या जाळ्या मोकळ्या होत्या. क्रेटमधले वरचे घड उचलून बाजूला ठेवले, हात तळापर्यंत घातला, एक घड ओढून काढला, मणी फोडला आणि नाकाशी धरला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, “चांगला हाय माल, बाई, बिनघोर टाका.”

वास होता. तो घड तसाच हातात घेऊन मी शेडमधून परत चालत आले आणि आत्तीच्या पुढ्यात उभी राहून तिला सांगितलं.